निळा क्रॉस, मधे लाल गोल, हे विमान नक्की कोणाचं?

प्रश्न : वडील ओझरला एचएएलमधून रिटायर झाले, मिगच्या आवाजातच वाढलो, त्यामुळे विमानांची मॉडेल करायचा नाद आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या एका बायप्लेनच्या (एकावर एक दोन पंखांच्या विमानाच्या) फोटोत निळा क्रॉस आणि मधे लाल गोल दिसला. स्लोव्हाकियाचं आहे म्हणे. पण ते तर हिटलरचं कळसूत्री राज्य ना, मग स्वतःचं हवाई दल कुठून आलं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हो, स्लोव्हाकियाचंच. १४ मार्च १९३९ ला हिटलरच्या दबावाने हा देश वेगळा झाला आणि चेकोस्लोव्हाकियाची जी विमानं त्यांच्या हद्दीत उभी होती तेच झालं त्यांचं हवाई दल, मुख्यतः अविया बी-५३४, चाकं आत न जाणारं बायप्लेन, वर चेक पायलट बरेचसे निघून गेलेले. आणि मालक कसा बघा, २३ मार्चला जर्मनीशी संरक्षणाचा करार झाला, त्याच दिवशी हंगेरी घुसली, २४ ला स्लोव्हाकियातल्या स्पिश्स्का नोवा व्हेसच्या विमानतळावर बॉम्ब पडले आणि जर्मनी ढिम्म! पूर्वेकडची एक पट्टी हंगेरीला गेली ती गेलीच.

तरी पुढे हे पायलट पोलंडवर आणि १९४१ पासून रशियावर जर्मनांच्याच बाजूने उडाले. १९४२-४३ ला दक्षिण रशियातल्या कुबानमध्ये त्यांना मेसरश्मिट १०९ ही जर्मन फायटर मिळाली, त्यांच्यातल्या यान रेझ्न्याकच्या नावावर पाडलेली ३२ विमानं आहेत. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, ते नाझींसाठी लढले.

पण समोरचे रशियनही स्लाव्हच, भाषा जवळची, मनातून ही लढाई बऱ्याच जणांना आपली वाटत नव्हती, १९४३ मध्ये काही जण मेसरश्मिटसकट सोव्हिएत बाजूला उतरले. मग २९ ऑगस्ट १९४४ ला स्लोव्हाकियाचा राष्ट्राध्यक्ष टिसो याचं सरकार आणि जर्मनांविरुद्ध उठाव झाला. त्री दुबीच्या विमानतळावर उठाववाल्यांकडे काय होतं तर तीच जुनी थकलेली विमानं. २ सप्टेंबरला फ्रांतिशेक त्सिप्रिखने बी-५३४ घेऊन हंगेरीचं एक युंकर्स ५२ हे वाहतुकीचं विमान पाडलं, बायप्लेन फायटरचा शेवटचा विजय म्हणून आजही त्याचं नाव घेतात. मला या सगळ्या कहाणीत हाच माणूस सगळ्यात जवळचा वाटतो. ऑक्टोबरच्या शेवटी जर्मनांनी उठावाचं केंद्र असलेलं बान्स्का बिस्त्रित्सा शहर घेतलं आणि उठाव मोडला.

मॉडेल कराल तेव्हा स्टँडवर तारीख मात्र नक्की लिहा. १९४१ लिहिलंत तर ते विमान रशियावर निघालेलं, सप्टेंबर १९४४ लिहिलंत तर त्री दुबीचं.