लंडनहून एका दिवसात नातवाला दाखवण्यासारखा मध्ययुगीन किल्ला कोणता?

तुम्ही लिहिलंय की मुलीकडे आलोय, नातू सात वर्षांचा आहे, राजवाडा नको, लढाईचा वाटेल असा किल्ला हवा. मग ईस्ट ससेक्समधल्या बोडियमला जा. गाडीने साधारण दोन तास. ट्रेनने रॉबर्ट्सब्रिजला उतरून टॅक्सी करावी लागते, ती आधीच सांगून ठेवा. आम्ही ठेवली नव्हती, तासभर स्टेशनवर दशम्या खात बसलो.

लहान मूल कागदावर किल्ला काढतं ना, तस्सा आहे. चौकोनी, कोपऱ्यांत गोल बुरूज, चहूबाजूंनी पाण्याने भरलेला रुंद खंदक. फ्रेंच चढाई करतील या धास्तीने सर एडवर्ड डॅलिनग्रिजने १३८५ मध्ये राजाची परवानगी काढून बांधला. आत मात्र छप्पर नाही, नुसत्या भिंती. अर्धा दिवस पुरतो.

दरवाजात शिरताना मान वर करायला सांगा. लोखंडी पट्ट्या ठोकलेली ओकची जाळी तिथे लटकतेय, मध्ययुगातलीच. पुढे छताला भोकं आहेत, वरून शत्रूच्या डोक्यावर काहीबाही टाकायला. आमची लेक तिथून हलेना. पण तिला सगळ्यात आवडले ते शौचकूप! किल्ल्यात अठ्ठावीस आहेत, आणि सगळ्यांचा माल थेट खंदकात. दिवसभर तोच विषय. नैऋत्येच्या बुरुजात तळाला विहीर आणि माथ्याला कबुतरखाना आहे, तोही चुकवू नका.

माझ्या बाबांचं मत वेगळं. राजगड पायी चढलेला माणूस, म्हणाले, "याला किल्ला म्हणतात? आपल्या एका माचीत असे दोन-तीन बसतील." खरंय, आणि हा लढाईपेक्षा थाट दाखवायलाच बांधला असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. पण किल्ल्याची माहिती वाचताना बाबा अडले. पडझड झालेला हा किल्ला विकत घेऊन दुरुस्त करणारा आणि १९२५ मध्ये मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्टला (जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या संस्थेला) देणारा लॉर्ड कर्झन! "बंगालच्या फाळणीवाला?" हो, तोच. आपल्याकडे जुन्या वास्तू जपायचा १९०४ चा कायदाही त्याच्याच काळातला. मग बाबांनी अख्खी फेरी पुन्हा मारली.

बुरुजातले जिने गोल, अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर नातवाला आईबरोबर वर पाठवा, आणि तुम्ही खंदकाकाठच्या हिरवळीवर डबा उघडा.