बाग गहाण ठेवण्याआधी मुलाशी बोला

प्रश्न : मुलगा बीसीए झाला. कबड्डीत जिल्हा संघापर्यंत पोचला होता, पण गुडघ्याच्या दुखापतीने खेळ सुटला. दोन-तीन देशांत शिकवला जाणारा क्रीडा कामगिरी विश्लेषणाचा (सामन्यांचे व्हिडिओ आणि आकडे तपासून खेळ सुधारायचा) मास्टर्स कोर्स मी शोधून ठेवलाय. द्राक्षबागेवर कर्ज काढायची तयारी आहे. एवढे देश फिरला की कुठे ना कुठे चिकटेल ना? त्याला अजून बोललो नाही, त्याला यातलं काही कळत नाही. – एक पालक, तासगाव

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी अडकले. परदेशी जाणार तो, शैक्षणिक कर्ज निघणार त्याच्या नावावर, आणि पत्ता नाही तो त्यालाच! वर ‘त्याला कळत नाही’. जिल्हा संघातून खेळलेल्या पोराला कबड्डी तुमच्या-माझ्यापेक्षा नक्कीच जास्त कळते. कळत नसेल ते तुमच्या मनात काय चाललंय ते. गुडघा गेलेली कितीतरी पोरं मैदानाच्या रस्त्यानेसुद्धा जात नाहीत. दुसऱ्यांच्या चढाया दिवसभर लॅपटॉपवर मागे-पुढे करून बघणं त्याला झेपेल की छळ वाटेल, हे तोच सांगू शकतो. तुम्ही हे त्याच्यासाठी करताय की सुटलेल्या खेळाची भरपाई म्हणून, हेही जरा तपासा.

आता ‘कुठे ना कुठे चिकटेल’बद्दल. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडससारख्या, अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या संयुक्त मास्टर्समध्ये किमान दोन देशांत शिकावं लागतं, पण त्यामुळे त्या सगळ्या देशांत नोकरीचा परवाना हातात पडत नाही. शिक्षणानंतर राहण्याचे नियम ज्या त्या देशाचे. जर्मनी नोकरी शोधायला १८ महिने देते, आयर्लंड मास्टर्सनंतर दोन वर्षांपर्यंत. ब्रिटनमधली दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांवर येतेय. शिवाय विश्लेषकाचं काम कोचच्या शेजारी बसून, कोचच्या भाषेत चालतं. स्पेनमधल्या क्लबात तुमचा मुलगा इंग्रजीवर किती दिवस काढेल? सहा-सहा महिन्यांनी देश बदलणाऱ्याला एकाही क्लबात पाय रोवता येत नाहीत, आणि क्लबात सुरुवातीचं काम बरेचदा बिनपगारी किंवा नाममात्र मानधनावर असतं. माझं विचाराल तर जायचंच असेल तर एका जागी राहून शिकावं. वेल्समधलं कार्डिफ मेट्रोपॉलिटन विद्यापीठ या विषयातलं जुनं नाव आहे.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, एसओपी म्हणजे अर्जासोबतचं उद्देशपत्र, शिफारसपत्रं वगैरे तो स्वतः बघेल.

त्याची तयारी असेल तर त्याने आधी तालुक्याच्या एखाद्या संघाचे सामने मोबाइलवर शूट करून टिपावेत. मोठे क्लब हडल स्पोर्ट्सकोडसारखं व्हिडिओ विश्लेषणाचं सॉफ्टवेअर वापरतात, सुरुवातीला एक्सेल पुरे. प्रत्येक चढाईला एक ओळ : चढाई कुणाची, कुठल्या बाजूने, समोर बचावपटू किती, सहा किंवा जास्त असताना बोनस घेतला का, पकड कुठे झाली. मग ‘तिसऱ्या चढाईला त्यांचा डावा कोपरारक्षक घाईने पाय धरायला पुढे येतो’ हे कोचला दोन मिनिटांत सांगायचं, क्लिप दाखवून. कोचने पुढच्या सामन्याआधी त्याला आपणहून बोलावलं, तर समजा पोराला हे जमतंय. प्रो कबड्डीच्या संघांकडे अर्ज करताना असं केलेलं काम नुसत्या पदवीपेक्षा जास्त बोलेल.

कर्जाचं म्हणाल तर इरॅस्मस मुंडसची शिष्यवृत्ती मिळाली की फी माफ होते आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात. मग बागेला हात लावायची वेळ येत नाही. ती मिळाली नाही, तर फक्त ‘देश जास्त आहेत’ म्हणून बाग गहाण टाकायला माझा साफ विरोध आहे. इरॅस्मस मुंडसच्या बहुतेक कोर्सचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान भरतात. मुलाशी बोलायला तेवढे महिने पुरेत.