बोलण्याची सोय असूनही संस्थेत शांतता का?

प्रश्न : मी एका मोठ्या संस्थेत मधल्या फळीतला अधिकारी आहे. आमच्याकडे लेखी आचारसंहिता आहे, तक्रारपेटी आहे, नाव न सांगता फोन करण्याची सोय आहे आणि दरवर्षी नीतिमत्तेचे प्रशिक्षणही होते. तरीही जे सर्वांना ठाऊक असते ते बैठकीत कोणी बोलत नाही. लोकांमध्ये धैर्यच उरलेले नाही, असे वरिष्ठांचे मत आहे. अभ्यासक याविषयी काय म्हणतात?

उत्तर : धैर्याचे स्पष्टीकरण वरिष्ठांना सोयीचे असते, कारण ते एकदा मान्य केले की सगळा दोष न बोलणाऱ्याच्या स्वभावावर जातो आणि संस्थेच्या रचनेकडे पाहण्याची गरज उरत नाही. संशोधनाचा कल मात्र वेगळा आहे. एलिझाबेथ मॉरिसन आणि फ्रान्सेस मिलिकन यांनी २००० मध्ये संस्थात्मक मौनाची जी मांडणी केली, तिच्यानुसार मौनाची मुळे वरच्या खुर्च्यांपर्यंत पोहोचतात. प्रतिकूल अभिप्राय ऐकण्याची व्यवस्थापकांना वाटणारी धास्ती हे त्यातले एक मूळ. दुसरे मूळ म्हणजे खालची माणसे स्वार्थापोटीच बोलतात, हित आम्हालाच कळते आणि एकमत हे निरोगी संस्थेचे लक्षण आहे, या कोणीही उघडपणे न बोललेल्या समजुती. याच अभ्यासकांनी पॅट्रिशिया ह्यूलिन यांच्यासह २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी ८५ टक्के लोकांनी सांगितले की, महत्त्वाची वाटणारी एखादी बाब वरिष्ठांसमोर मांडता येणार नाही, असे आपल्याला निदान एकदा तरी वाटले आहे. आपल्यावर कटकट्या म्हणून शिक्का बसेल, ही त्यांची सर्वांत मोठी भीती होती. संबंध बिघडतील आणि बोलूनही काही बदलणार नाही, ही कारणेही त्यांनी सांगितली.

येथे सत्तेचा विचार करावाच लागतो. हुकूम देणे आणि तो पाळायला लावणे ही सत्तेची सर्वांत ढोबळ पातळी झाली. कोणता विषय बैठकीच्या विषयपत्रिकेवर येऊच द्यायचा नाही, हे ठरवण्यातही सत्ता असते, हे पीटर बॅकरॅक आणि मॉर्टन बॅराट्झ यांनी १९६२ मध्येच दाखवले होते. स्टीव्हन ल्यूक्स यांनी १९७४ मध्ये त्यापुढची पायरी सांगितली : माणसाला आपल्यावर अन्याय होतो आहे असे वाटूच नये, इथपर्यंत त्याच्या अपेक्षा घडवणे. आपल्या तक्रारपेटीची पोच यांतल्या पहिल्या पातळीपुरतीच आहे. विषयपत्रिका कोण ठरवते, हा प्रश्न तिच्यात चिठ्ठी टाकून सुटत नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडते, याची सर्वांत तपशीलवार नोंद चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या अपघाताच्या चौकशीत सापडते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, रॉकेट बनवणारी मॉर्टन थायोकॉल ही कंपनी आणि नासाचे अधिकारी यांच्यात दूरध्वनीवरून बैठक झाली. रॉकेटच्या जोडांमधील रबरी कड्या थंडीत कडक होतात, म्हणून ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा कमी तापमानात उड्डाण करू नये, असे कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले. रॉजर बॉइजोली या अभियंत्याने तर अनर्थ होऊ शकतो असा लेखी इशारा १९८५ च्या जुलैमध्येच दिला होता. नासाच्या अधिकाऱ्यांनी या शिफारशीवर तीव्र नापसंती दाखवताच कंपनीने आपसांत चर्चेसाठी काही मिनिटे मागून घेतली, आणि ती चर्चा सुमारे अर्धा तास चालली. अखेरीस एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला, आता अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घाला, असे सांगितले. निर्णय चौघा व्यवस्थापकांनी घेतला; विरोध करणाऱ्या अभियंत्यांचे मत मोजलेच गेले नाही. दूरध्वनी पुन्हा जोडला गेला तेव्हा कोणाची हरकत आहे का, असे विचारण्यात आले, आणि कोणीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

त्या खोलीत धैर्याचा अभाव होता, असे म्हणता येत नाही; अभियंते बोलले होते, आकडे आणि छायाचित्रे समोर ठेवून बोलले होते. फरक पडला तो पुराव्याच्या भारात. एरवी यान सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागते. त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अभियंत्यांवर आली. हा बदल कोणी जाहीर केला नव्हता. सत्ता बहुतेक वेळा अशाच मार्गाने काम करते, आणि म्हणून नीतिमत्तेच्या प्रशिक्षणात ती क्वचितच दिसते.

आपल्या संस्थेत हे तपासायचे असेल तर जुनी इतिवृत्ते काढून पाहावीत. खालच्या अहवालात ‘हा पुरवठादार बनावट बिले देतो’ असे लिहिलेले असते, विभागाच्या टिपणात त्याचे ‘बिलांमध्ये काही विसंगती आढळल्या’ असे होते आणि इतिवृत्तात ‘पुरवठादारविषयक बाबींवर चर्चा झाली’ एवढेच उरते. खोटे कोणीच लिहिलेले नसते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी नैतिक जबाबदारीतून अंग काढून घेण्याच्या ज्या पद्धती वर्णन केल्या आहेत, त्यांत अशा सौम्य शब्दयोजनेचाही समावेश आहे.

प्रश्न : मी विभागप्रमुख आहे. माझ्या केबिनचे दार सदैव उघडे असते, हे मी सर्वांना सांगितले आहे, तरी कोणी येत नाही. याहून मी अधिक काय करावे?

उत्तर : उघड्या दाराविषयी मला फारसा विश्वास वाटत नाही, कारण उंबरा ओलांडण्याचा सगळा धोका त्यात येणाऱ्यानेच पत्करायचा असतो. वरिष्ठासमोर शंका किती सहज विरते, ते एका अपघातात दिसते. स्पेनच्या तेनेरिफे बेटावरील विमानतळावर २७ मार्च १९७७ रोजी दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ लोक मरण पावले. धावपट्टीवरून निघालेल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान अजून बाजूला झाले नाही का, अशी शंका बोलून दाखवली होती. कंपनीच्या सर्वांत ज्येष्ठ वैमानिकांपैकी एक असलेल्या कॅप्टनने झाले आहे, असे ठामपणे सांगितले, आणि विषय तेथेच संपला. पुढे हवाई वाहतूक क्षेत्राने कनिष्ठांना बोलायला शिकवले, त्याबरोबर कॅप्टनला विचारायला आणि ऐकायलाही शिकवले. तेव्हा आपण स्वतः उठून जा, आणि ‘काही अडचण आहे का’ असे मोघम न विचारता ‘या योजनेत सर्वांत आधी काय फसेल’ असे विचारा. शेवटचे अप्रिय बोललेल्या माणसाला पुढे कोणते काम मिळाले, हेही आठवून पाहा. आपल्या विभागातील प्रत्येकाला ते आठवत असते.

तक्रारींचा आकडा कमी झाला म्हणून मात्र समाधान मानू नका. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा ज्या गटांचे काम चांगले होते, त्यांच्याकडेच चुकांची नोंद जास्त आढळली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून निघालेला अर्थ असा, की तेथे चुका सांगण्याची मोकळीक अधिक होती.

प्रश्न : मी कामाच्या ठिकाणी गंभीर आर्थिक गैरप्रकार पाहिला आहे. बोलावे, की गुपचूप दुसरी नोकरी शोधावी?

उत्तर : अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये नेमका हाच पेच मांडला. नायजेरियाच्या रेल्वेचा कारभार स्पर्धा असूनही का सुधारत नाही, याचा विचार करताना त्यांच्या लक्षात आले की, ज्यांनी सर्वाधिक आवाज उठवला असता तेच ग्राहक आधी ट्रकवाहतुकीकडे वळले होते. तरीही सोडून जाण्याला मी पळ काढणे म्हणणार नाही. ज्याच्या पगारावर घर चालते त्याला त्यागाचा उपदेश करण्याचा अधिकार या सदराला नाही. बोलायचे ठरवले तर आधी जे स्वतः पाहिले आणि जे ऐकले ते वेगवेगळे, तारखांसह लिहून ठेवा, संस्थेच्या गोपनीय कागदांना हात लावण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्या आणि निदान एका सहकाऱ्याला सोबत घ्या. एकट्याच्या तक्रारीला वैयक्तिक आकस ठरवणे सोपे असते. दोघांच्या सह्या असलेल्या पत्राच्या बाबतीत ते तितके सोपे जात नाही. पत्राची पोच मात्र लेखीच मागा.