औषधांची पेटी भरल्यावर कुठं रिकामी करायची?

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाला ग्रामपंचायतीत मुदत संपलेल्या औषधांसाठी पेटी ठेवायची आहे. लोक गोळ्या उकिरड्यावर टाकतात, नाहीतर कचऱ्याबरोबर जाळतात. सुरुवात कशी करावी? (औसा तालुका)

उत्तर : पेटी सगळ्यात शेवटी आणा. आधी ती भरल्यावर माल कोण नेणार, हे लेखी ठरवून घ्या. नाहीतर भरलेली पेटी कोपऱ्यात पडून राहते आणि एक दिवस कुणीतरी ती घंटागाडीत ओतून देतं. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांप्रमाणे मुदतबाह्य औषधं साध्या कचऱ्यात मोडत नाहीत, ती वेगळी द्यावी लागतात. तेव्हा ग्रामपंचायतीचा ठराव करून घ्या, त्याची प्रत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या नेणारी गाडी ज्या प्रक्रिया केंद्राची असेल, त्या केंद्राशी या अधिकाऱ्यांमार्फत बोलणी करा. नेण्याचा खर्च कोण भरणार, हेही त्याच बैठकीत विचारा.

पेटी पत्र्याची, भिंतीला बोल्टने आवळलेली हवी. फट दोन बोटांची, म्हणजे पाकीट आत जाईल पण हात जाणार नाही. कुलपं दोन, किल्ल्या दोघींकडे. गोळ्या पाकिटातच राहू द्या. सुट्या केल्या की भुकटी होते, नाव कळत नाही. पातळ औषधाची बाटली झाकण घट्ट लावून, पिशवीत बांधून, पेटीत न टाकता हातातच घ्या. पेटीत फुटली तर सगळ्याचा लगदा होतो. कॅन्सरच्या गोळ्यांची पिशवी वेगळी ठेवा, कारण त्यांना 1200 अंशांपेक्षा जास्त तापमानाची भट्टी लागते. सुया आणि पाऱ्याचा थर्मामीटर पेटीत नकोच. दम्याचा पंपही नको, तो दाबाखाली असतो आणि आगीत फुटतो. पेटी उघडताना हातमोजे घाला. वहीत तारीख, वजन आणि दोघींच्या सह्या हव्यात. चिठ्ठीवरचं रुग्णाचं नाव आधी खोडा.

गोळ्यांच्या बऱ्याच पाकिटांत पीव्हीसी प्लास्टिक असतं. ते जाळल्यावर आम्लाचा धूर निघतो, डायॉक्सिन नावाचं विषही तयार होऊ शकतं. उकिरड्यावरची पाकिटं शेळ्या चघळतात, आणि पावसात विरघळलेलं औषध जमिनीत मुरतं. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीला माणूसभर खोल पाणी उरतं. एवढ्याशा पाण्यात काहीही मिसळलं तरी ते पातळ व्हायला वाव नसतो.

केरळच्या औषध नियंत्रण विभागाचा ‘एनप्राऊड’ उपक्रम जरूर समजून घ्या. 2025 मध्ये कोझिकोडपासून सुरू झालेल्या या उपक्रमात हरित कर्म सेनेच्या, म्हणजे कचरा गोळा करणाऱ्या महिला गटाच्या, बायका घरोघरी जाऊन औषधं गोळा करतात. तुमच्या गटाला हे जमण्यासारखं आहे.

पेटी येईपर्यंत साध्या गोळ्या न कुटता चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा, पिशवीत घट्ट बांधून घंटागाडीत वेगळ्या द्या. शोषखड्ड्यात मात्र टाकू नका.

प्रश्न : मावशीच्या बीपीच्या अर्ध्या पट्ट्या उरल्या आहेत. शिबिरात गरिबांना द्याव्यात का? (पैठण)

उत्तर : नको. कापलेल्या पट्टीवर मुदत आणि बॅच नंबर बहुधा राहत नाही, आणि पत्र्याच्या घरात मे महिना काढलेल्या गोळीच्या गुणाची खात्री कुणी देऊ शकत नाही. गरिबाला खात्रीचंच औषध मिळायला हवं. न कापलेली पट्टी असेल तर बिल घेऊन मेडिकलवाल्याला विचारा, काही जण परत घेतात. पुढच्या वेळी नवीन औषध सुरू करताना आठ-दहा दिवसांचंच घ्या. सोसलं नाही तर कमी वाया जातं.

प्रश्न : वडील कॅन्सरने गेले. वेदनेसाठी अंगाला चिकटवायला दिलेल्या फेंटानिलच्या पट्ट्या उरल्या आहेत. त्याही पेटीत टाकायच्या का? (परभणी)

उत्तर : नाही. त्या घरात एक दिवसही ठेवू नका. वापरून काढलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असतं, लहान मुलाने ती अंगाला चिकटवली तर जीव जाऊ शकतो. चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि संडासात टाकून भरपूर पाणी सोडा. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने 2025 च्या मार्गदर्शक सूचनांत संडासात सोडायची अशी 17 औषधं सांगितली आहेत. त्यांत फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल आणि डायझेपामही येतात. यादीबाहेरचं काहीही संडासात टाकू नका.