ग्रहण सहाव्या महिन्यात होतं

“ताई, माहं काय चुकलं?” लेकराची उंची फारशी वाढणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं की आया हाच प्रश्न घेऊन येतात. वऱ्हाडातल्या खेड्यांतून तो इतक्यांदा ऐकला, की एका घराची गोष्ट लिहितेच. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

कापूस वेचणीचे दिवस. मजुरी बुडवून आई आली होती. कडेवर सात वर्षांचा मुलगा, सोबत आजी. निदान अकॉन्ड्रोप्लेसियाचं, म्हणजे हाडांची वाढ नीट न झाल्यानं उंची कमी राहण्याच्या जन्मजात अवस्थेचं.

“म्या गिऱ्हाणात इळीवर भाजी चिरली,” आई खाली बघत म्हणाली. आजीनं मान डोलावली.

मी सासू-सुनांना वेगळं बसवत नाही. दुखणं घराचं असतं, ते घरानंच ऐकावं, यावर माझा विश्वास आहे. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “आजी, ग्रहणाचं पहिल्यांदा कोण बोललं?”

आजीनं पदर तोंडाला लावला. बऱ्याच वेळानं म्हणाली, “म्याच. बाया म्हनत, खानदानातच खोट हाय. माह्या लहान पोरीचं लगन व्हायचं होतं, बाई.”

सून तिच्याकडे बघतच राहिली. सात वर्षं तिनं वाहिलेला दोष सासूच्या भीतीतून आला होता. दोष देणारा माणूस बहुधा घाबरलेला असतो, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

“ग्रहण कितव्या महिन्यात होतं?”

“सहाव्या.”

“हा बदल एका जनुकातला. गर्भ राहतानाच झालेला. अशी जवळपास ८० टक्के मुलं साधारण उंचीच्या आईबापांनाच होतात.”

“मंग ना तिचं, ना आमचं?” आजी म्हणाली. दोघी रडल्या. मी मध्ये बोलले नाही.

अशा घरांना माझं सांगणं असतं: उंची वाढवणाऱ्या पावडरींवर पैसा घालवू नका. झोपेत श्वास अडकणं, वारंवार कान फुटणं, पायातली ताकद कमी होणं दिसलं तर डॉक्टरांकडे लगेच जा. २०१६च्या दिव्यांग कायद्यात बुटकेपणाचा समावेश आहे, जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्राची चौकशी करा. आणि लेकराशी त्याच्या वयाप्रमाणे वागा, उंचीप्रमाणे नाही.

पुढच्या भेटीला मुलगा दारातून चालत आला. आजीनं सुताराकडून त्याच्यासाठी पायरी करून घेतली होती. “आता माठातलं पानी माह्या हातानं घेतो,” त्यानं मला सांगितलं.