वाचकांचे प्रश्न : काजव्याच्या दिव्याला हवा कुठून मिळते?

मे महिन्याच्या अखेरीस वळवाचे एक-दोन पाऊस झाले की कोयना-चांदोलीच्या रानात काजवे दिसू लागतात आणि आमच्याकडे त्यांच्याविषयीची पत्रे येऊ लागतात. सातारा-सांगलीच्या वाचकांनी विचारलेले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

काजव्याच्या पोटात नेमके काय असते? तो हवे तेव्हा प्रकाश चालू-बंद कसा करतो? (पाटण तालुका)

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गटातला कीटक. आपल्याकडच्या उडणाऱ्या जातींत साधारणपणे नराच्या पोटाच्या शेवटच्या दोन खंडांची खालची बाजू पिवळट-पांढरी असते. तोच त्याचा दिवा. मादीत असा खंड बहुधा एकच असतो आणि त्याच्यामागे साधे, न उजळणारे खंड असतात. नर-मादी ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

या दिव्याचे तीन थर असतात. सर्वांत बाहेर पारदर्शक कातडे. त्याच्या आत प्रकाशपेशींचा थर. त्याच्याही आत, म्हणजे पाठीच्या बाजूला, युरिक आम्लाच्या बारीक कणांनी भरलेल्या पेशींचा पांढरा अपारदर्शक थर. टॉर्चमध्ये बल्बमागे चकचकीत वाटी असते, तेच काम हा थर करतो : आत जाणारा प्रकाश परतवून बाहेर पाठवतो.

प्रकाशपेशीत ल्युसिफेरिन हे द्रव्य आणि ल्युसिफरेज हे विकर, म्हणजे क्रिया घडवून आणणारे प्रथिन, असते. मॅग्नेशियमच्या मदतीने ल्युसिफेरिनची आधी एटीपीशी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूशी, जोडणी होते. मग त्यावर ऑक्सिजनची क्रिया होते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पिवळसर-हिरवा प्रकाश बाहेर पडतो. एटीपीशिवाय हे घडत नाही, हे शास्त्रज्ञ विल्यम मॅकेलरॉय यांनी १९४७ साली दाखवले.

आता चालू-बंदचा मुद्दा. बाकी सगळा माल पेशीत तयारच असतो, अडतो तो ऑक्सिजनवर. कीटकांचे रक्त आपल्या रक्तासारखा ऑक्सिजन वाहून नेत नाही. अंगावरच्या श्वसनरंध्रांतून हवा नळ्यांनी थेट पेशींपर्यंत जाते. दिव्यात या नळ्या पाठीकडून उभ्या उतरतात, त्यांना आडवे फाटे फुटतात आणि त्यांची अतिसूक्ष्म टोके प्रकाशपेशींना जाऊन भिडतात. अमेरिकेतल्या फोटिनस आणि फोटुरिस या काजव्यांवर याचा बारकाईने अभ्यास झाला आहे. त्यांच्यात मज्जातंतू प्रकाशपेशीवर संपतच नाहीत, ते संपतात या नळ्यांच्या टोकाशी असलेल्या पेशींवर. आम्हाला या सगळ्या रचनेतली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. मेंदूचा हुकूम जातो तो हवेच्या वाटेवर.

तिथे ऑक्टोपामिन हे निरोप पोचवणारे रसायन सुटते. पुढे काय होते याची एक मांडणी २००१ साली झाली. एरवी पेशीच्या कडेला दाटीने बसलेल्या तंतुकणिका (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले बारीक भाग) आलेला ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे आतल्या ल्युसिफेरिनपर्यंत तो पोचत नाही. हुकूम आला की नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो, तंतुकणिकांचे काम क्षणभर थांबते, ऑक्सिजन आत जातो आणि दिवा उजळतो. नायट्रिक ऑक्साइड ओसरला की पुन्हा अंधार.

काजव्याची कार्यक्षमता जवळपास १०० टक्के असते, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. १९६० सालच्या मोजणीत हा आकडा ८८ टक्के आला होता. २००८ साली अधिक अचूक उपकरणांनी मोजल्यावर तो ४१ टक्के भरला. म्हणजे क्रियेत भाग घेणाऱ्या दर १०० ल्युसिफेरिन रेणूंमागे सुमारे ४१ प्रकाशकण. जिवंत पेशीतल्या क्रियेसाठी हाही आकडा फार मोठा आहे.

मुले काजवे बरणीत ठेवतात. झाकणाला भोके पाडली तर चालेल ना? (वाई)

भोके पाडूनही चालणार नाही, कारण अडचण हवेची नाहीच. एक लिटरच्या बरणीत सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. चार काजव्यांना तो रात्रभर सहज पुरतो. मरतात ते इतर कारणांनी : काचेवर वाफ धरते, पाय आणि पंख ओल्या काचेला चिकटतात, किंवा उलट कोरड्या खोलीत त्यांच्या अंगातले पाणी उडून जाते. शिवाय प्रौढ काजव्याचे आयुष्य काही दिवसांचे, फार तर दोन-तीन आठवड्यांचे. बरणीतली एक रात्र म्हणजे त्याच्या जोडीदार शोधण्याच्या मोजक्या रात्रींतली एक गेली. पाहायचेच असेल तर झाडाखाली दिवे विझवून वीस मिनिटे बसा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. वाटेपुरत्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन घड्या लावा आणि तोंड जमिनीकडे ठेवा. मोबाइलच्या पांढऱ्या दिव्यात काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत.

पावसाळ्यात रानात कुजके लाकूड चमकते, ते काजव्यांमुळेच का? (महाबळेश्वर)

नाही, ती बुरशी. तिचा प्रकाश हिरवट, मंद आणि न मिचकणारा असतो, तिचे ल्युसिफेरिनही वेगळे. ऑक्सिजन मात्र तिलाही लागतो. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी १६६७ साली चमकते लाकूड हंडीत ठेवून हवा काढून घेतली तेव्हा प्रकाश गेला आणि हवा आत सोडताच परत आला.

शाळेत मुलांना हा अवयव सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचा आहे. कसा दाखवावा? (शिराळा, विज्ञान शिक्षिका)

बाई, त्यासाठी जिवंत काजवे पकडू नका. रस्त्यावरच्या दिव्याखाली सकाळी मेलेले काजवे सापडतात, त्यातले त्याच दिवशीचे दोन-तीन पुरेत. आधी काळ्या कागदावर उलटे ठेवून दहा पट भिंगातून फिकट खंड दाखवा.

मग मेण ओतलेल्या बशीत काजवा पालथा, म्हणजे पाठ वर करून ठेवा. पंख बाजूला करून छातीतून एक टाचणी टोचा आणि तो बुडेल एवढे पाणी घाला. पाठीच्या आणि पोटाच्या पट्ट्या जिथे जुळतात त्या मऊ कडेने बारीक कात्रीने कापत जा. पाठीचे झाकण उचला, आतडे बाजूला सारा. तळाशी खडूसारखा पांढरा थर दिसेल, तो परावर्तक. पोटाकडून कापायला गेलात तर कात्री थेट दिव्यातच शिरते आणि थर एकमेकांत मिसळतात. बहुतेक जण इथेच चुकतात.

या थराचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा प्रकाशपेशींसह काचपट्टीवर घ्या, पाण्याचा थेंब टाका, वरून आच्छादक काच अलगद ठेवा. १०० पटीला काळ्या, फांद्या फुटलेल्या रेषा दिसतील. त्या हवेने भरलेल्या नळ्या. काच दाबली की हवा निघून जाते आणि नळ्या दिसेनाशा होतात. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवला तरी तेच होते, म्हणून ताजाच हवा. मुले एक प्रश्न हमखास विचारतील : बशीत पांढरा दिसणारा थर इथे काळपट का? कारण इथे प्रकाश खालून येतो आणि युरिक आम्लाचे कण तो अडवतात. बशीत तो वरून पडून परत येत होता.

ताज्या मेलेल्या काजव्याचा दिवा चिरडला तर काही वेळ सलग उजेड देतो, मिचकत नाही. हवा अडवणारी यंत्रणा मोडलेली असते आणि शिल्लक एटीपी संपेपर्यंत क्रिया चालू राहते.

दूध संकलन केंद्रावर टाकी धुतल्यावर काडी फिरवून यंत्रात घालतात. ही तपासणी काजव्यापासून आली म्हणतात, खरे का? (पलूस)

खरे आहे. काडीच्या नळीत ल्युसिफेरिन आणि ल्युसिफरेज असते, फक्त एटीपी नसते. टाकीवर दुधाचा अंश किंवा जंतू राहिले असतील तर त्यांचे एटीपी मिसळते, उजेड पडतो आणि यंत्र तो मोजते. पंधरा-वीस सेकंदांत आकडा मिळतो. यासाठी आता काजवे मारावे लागत नाहीत. ल्युसिफरेजचे जनुक १९८५ साली वेगळे करण्यात आले आणि त्यामुळे जिवाणूंकडून हे विकर बनवून घेता येते.

आकडा चुकण्याची कारणे मात्र माहीत हवीत. टाकीत क्लोरीन किंवा आम्ल राहिले तर विकर मंदावते आणि घाण असूनही आकडा कमी येतो. म्हणून शेवटच्या पाण्याने नीट खळबळून, पाणी निथळल्यावर काडी फिरवा. काडी फ्रिजमधून काढून लगेच वापरली तरी आकडा कमी येतो. ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. फिरवताना दर वेळी तेवढीच जागा घ्या, साधारण १० बाय १० सेंटिमीटर. आणि दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका, प्रत्येकाचे एकक आपापले असते. दुधातही एटीपी असते, त्यामुळे मोठा आकडा म्हणजे जंतूच असे नाही. टाकी नीट धुतली गेली नाही, एवढेच त्यावरून ठरते. जंतू मोजायचे तर नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागेल.