आजीच्या नावावर तिसरा ड्रॉप?

प्रश्न : मुलीला नीटमध्ये दुसऱ्यांदाही कमी मार्क पडले. तिची आजी कॅन्सरनं गेली, तेव्हाच आम्ही ठरवलं होतं की पोरीनं कॅन्सरची डॉक्टर व्हायचं. आता ती म्हणते, बीएस्सी करून कॅन्सरवर संशोधन करणार. पण औषध शेवटी डॉक्टरच काढतात ना? तिसऱ्यांदा ड्रॉप घ्यायला तिला समजावून सांगा. – एक वडील, कोल्हापूर

उत्तर : नाही सांगणार.

मार्कांचं सोडा, मला खटकली ती आजी. आजी तिचीही होती हो! नीट हुकली म्हणजे आजीशी बेइमानी झाली, असं ओझं डोक्यावर घेऊन कुणाचा पेपर सुटेल? राजारामपुरीतल्या क्लासचे जिने चढण्यात दोन वर्षं गेली, तेवढी पुरे. तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलं’ ठसठशीत आहे, तिचं म्हणणं मात्र एका ओळीत उरकलंय.

आता ‘औषध डॉक्टरच काढतात’ याबद्दल. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक गुणसूत्र वेगळंच दिसतं, हे १९६० साली फिलाडेल्फियात लक्षात आलं. त्यावरची इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली २००१ साली. मधल्या ४१ वर्षांत गुणसूत्राचे तुकडे कसे अदलाबदल होतात ते जॅनेट राउली यांनी दाखवलं, इतरांनी त्यातून तयार होणारं बिघडलेलं प्रथिन पकडलं, रसायनशास्त्रज्ञांनी ते अडवणारा रेणू घडवला, आणि मग ब्रायन ड्रुकर यांच्यासारख्या डॉक्टरांनी तो रुग्णांना दिला. लांब कशाला, आपली कार-टी ही कॅन्सरवरची उपचारपद्धत बघा. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, त्यांत जनुक घालायचं, वाढवून परत द्यायच्या. हे आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेत घडलं, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी रुग्णांवर तपासलं, २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. अशा पेशी जगवणारे, बॅच तपासणारे बहुतेक लोक बीएस्सी-एमएस्सीच्याच वाटेनं येतात.

वाट ठरलेली आहे : बीएस्सी, एमएस्सी, नेट-जेआरएफ ही संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा, मग पीएचडी. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रातही पीएचडी होते.

तिलाही एक सुनावतो. ही वाट दहा-अकरा वर्षांची आहे, प्रयोग महिनोन्‌महिने फसतात, आणि डॉक्टर मैत्रिणी तोवर कमवायला लागलेल्या असतात. नीटचा कंटाळा आला म्हणून संशोधन, असं असेल तर तिथंही टिकणार नाही. शिवाजी विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजीचा विभाग आहे. तिथं पीएचडी करणाऱ्या एखाद्या मुलीला गाठून, दिवस कसा जातो ते तिला विचारू दे. तुम्ही सोबत जा हवं तर, पण गेटबाहेर चहा घेत थांबा.